ऐनवेळचे विषय

२९ जून २०२५, रविवार
रात्रभर पाऊस. सव्वापाचला कोर्टवर गेले तर बेसलाइनशी घोटाभर पाणी. वायपर मारला, पोती अंथरली. वीसपैकी चार मुलं आली. भिंतीवर खेळवलं.

१ जुलै, मंगळवार
पत्राचं उत्तर आलं. तीन ओळी. वैयक्तिक पत्रव्यवहाराची दखल घेता येत नाही, संलग्न संघटनेमार्फत यावे. खाली सही, गोल शिक्का.

मी संलग्न नाही. संघटना संलग्न आहे. संघटनेत क्लब सभासद आहेत, शाळा आहेत, देणगी देणारे आजीव सभासद आहेत. मी कोणत्या रकान्यात बसते ते घटनेत शोधलं. ‘मार्गदर्शक’ हा शब्द एकदाच येतो, खर्चाच्या कलमात. मैदान, चेंडू, मार्गदर्शक, किरकोळ.

२ जुलै
झोप आली नाही. मे महिन्यातली ती दुपार डोळ्यांपुढून हलत नाही. लिहूनच काढते.

बारा वर्षांखालच्या मुलींचा सामना. वेळ साडेबारा. सिमेंटचं कोर्ट, सावलीला एक नीलमोहर, तोही कुंपणाच्या पलीकडे. माझी मुलगी (माझी म्हणजे माझ्याकडे शिकणारी) अकरा वर्षांची. पहिला सेट जिंकली. दुसऱ्यात सर्व्हिसला उभी राहिली, चेंडू वर फेकला आणि हात तसाच वर राहिला. चेंडू खाली आला, टप्पा पडला, घरंगळत जाळीशी गेला. ती त्याच्याकडे बघत होती. दुसरा चेंडू खिशातून काढायचा असतो हेच विसरली. चेहरा लाल आणि कोरडा. घाम यायचा थांबला होता. तो कोरडेपणा मी दहा वर्षांत दोनदाच पाहिला आहे.

मी आत धावले. कोचने आत यायचं नाही, असं रेफरी म्हणाले. नियम तसाच आहे. तरी गेले. ओला पंचा मानेवर, बर्फ काखेत, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. नंतर सलाईन. संध्याकाळी पोरगी बोलायला लागली. पहिला प्रश्न, "मॅडम, मी हरले का?"

रेफरींना दोष देत नाही. वेळापत्रक त्यांच्या हातात तयार आलेलं होतं. ज्यांनी केलं त्यांच्यापैकी मे महिन्यात विदर्भात दुपारी कोर्टवर कुणी उभं राहिलं असेल का, एवढंच पत्रात विचारलं होतं. एप्रिल ते जून, चौदा वर्षांखालच्या मुलांचे सामने सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी पाचपूर्वी ठेवू नयेत. दीड पानाचं पत्र. मागणी ही एक ओळ.

६ जुलै, आषाढी
साबुदाण्याची उसळ, भगर. कोर्ट बंद.

१० जुलै, गुरुपौर्णिमा
मुलांनी फुलं आणली. एकाच्या आईने नारळ, ब्लाउजपीस. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. धाकट्याने रॅकेट माझ्या पायावर टेकवली. मी त्याला उचलून घेतलं. फी तिघांची थकली आहे, आज विचारलं नाही.

१३ जुलै, रविवार
विम्बल्डनची अंतिम लढत. सिन्नरने पहिला सेट घालवला, नंतरचे तिन्ही ६-४, ६-४, ६-४. कॅमेरा सारखा त्याच्या कोचवर, डॅरेन केहिलवर. तो बोलतो कमी. हाताचा तळवा जमिनीकडे करतो, शांत हो म्हणून.

१४ जुलै
पोरांचे प्रश्न. कोच बाहेरून बोलले तर पॉइंट जातो ना? सांगितलं, या १ जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय नियमांत बदल झाला, स्पर्धेने मुभा दिली असेल तर बोलता येतं. आधी २०२२च्या जुलैपासून पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यावर प्रयोग चालला होता. महिलांचा त्याहून आधी.

लाल टोपीवाला म्हणाला, "म्हणजे आधी लपूनछपून सांगत होते, आता समोरून."

२० जुलै, रविवार
हिंगणघाटला गेले. एसटीत उभं राहून. सर घरीच होते, पाठीला पट्टा बांधून.

सरांनी अकराव्या वर्षी चेंडू वेचायला सुरुवात केली, साहेब लोकांच्या क्लबात. मग मार्कर झाले. नवीन मुलांना मार्कर हा शब्दच ठाऊक नाही. पहाटे चारला उठून मुरमाच्या कोर्टवर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, फक्कीने रेघा मारायच्या, जाळी ताणायची, मधोमध तीन फूट भरते का ते काठीने बघायचं. मग साहेब यायचे. त्यांच्याशी खेळायचं, जमेल तसं हरायचं. साहेबांचा फोरहँड दुरुस्त मार्करच करायचा, पण शिकवतो आहे असं दिसू द्यायचं नाही.

व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या. "बसू नको असं कोणी सांगतलं नव्हतं, बाई. माहीत होतं."

सभेच्या दिवशी खुर्च्या मांडायचं काम सरांचं. सभा सुरू झाली की बाहेर. पुढे शाळेत लागले, पतियाळ्याला जाऊन कोर्स करून आले, विद्यापीठ खेळलेली सहा मुलं तयार केली. सभेत अजून बसलेले नाहीत.

परतताना बसमध्ये डोक्यात तेच. देशातली टेनिसची संघटना १९२०ची. त्या काळी टेनिस म्हणजे क्लब. क्लबांनी संघटना केल्या, सभासदांनी मतं दिली. शिकवणारा पगारावरचा माणूस होता, माळ्यासारखा, बटलरसारखा. शंभर वर्षांत रॅकेट लाकडाची होती ती ग्रॅफाइटची झाली. घटनेतला तो रकाना तसाच राहिला. गावाकडून जिल्हा, जिल्ह्याकडून राज्य, राज्याकडून दिल्ली. मत असं वर जातं. आमच्यापाशी ते निघतच नाही, तर पोचणार कुठून?

२३ जुलै, बुधवार
बातम्यांत: राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक लोकसभेत मांडलं. क्रीडामंत्री मांडविया. मसुदा डाउनलोड केला. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी.

२५ जुलै
मसुदा प्रिंट काढून आणला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, केस लढून राहिल्या का?"

कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा. किमान चार महिला. नामवंत खेळाडू किमान दोन. खेळाडूंच्या समितीतून निवडून आलेले दोन. हे चांगलं आहे, फार चांगलं आहे. २०११च्या क्रीडा संहितेतही मतासह पंचवीस टक्के नामवंत खेळाडू म्हटलं होतं. ते किती ठिकाणी झालं यावर कोर्टात किती वर्षं गेली.

पेन्सिल घेऊन दोनदा वाचलं. खेळाडूंची समिती आहे. लवाद आहे. तक्रारीची सोय आहे. मार्गदर्शकासाठी राखलेली जागा मला सापडली नाही.

२८ जुलै, सोमवार
नागपूरची दिव्या देशमुख! बातुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवलं. महिलांचा विश्वचषक. एकोणीस वर्षांची पोर, आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर. संध्याकाळी कोर्टवर पेढे वाटले. आपल्या शेजारची पोरगी म्हणून मुली नुसत्या उड्या मारत होत्या.

३१ जुलै
दिव्या काल रात्री घरी आली. विमानतळावर तुडुंब गर्दी. आणि काय बोलली, तर पहिले कोच राहुल जोशी सर. ती ग्रँडमास्टर व्हावी ही त्यांची इच्छा होती, यश त्यांना अर्पण. सर २०२०मध्ये गेले. चाळिशीतच.

कात्रण कापून वहीत लावलं. चिकटवताना हात थरथरला. एवढी गर्दी, एवढे कॅमेरे, आणि तिला गेलेला माणूस आठवला.

२ ऑगस्ट, शनिवार
फोनवर आम्ही पाच. यवतमाळच्या मॅडम, चंद्रपूरचे सर, अमरावतीचा माझ्या वर्गातला (आम्ही हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड.ला एकत्र होतो), हिंगणघाटचे सर, मी. अर्धा तास फक्त थकलेल्या मानधनावर. मग रडून झालं आणि कामाला लागलो.

अमरावतीचा म्हणाला, पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यावर खेळाडूंची जी सल्लागार परिषद आहे तिच्यात कोचची एक जागा असते. आंतरराष्ट्रीय महासंघात कोचेस कमिशन आहे. म्हणजे आपण आकाशातलं काही मागत नाही.

सरांनी विचारलं, दिल्लीच्या निवडणुकीचं काय झालं. गेल्या सप्टेंबरातली अखिल भारतीय संघटनेची निवडणूक. सोमदेव देववर्मन आणि पूरव राजा उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने निकाल सीलबंद ठेवायला सांगितलं. चंद्रपूरचे सर म्हणाले, ते डेव्हिस चषक खेळलेले, त्यांना वकील मिळतो. आपल्याला कोण ओळखते?

कुणीच काही बोललं नाही बराच वेळ. रेंज गेली असं मला वाटलं.

४ ऑगस्ट
चेंडूंचे खोके आले. खरेदी नेहमीप्रमाणे वरूनच झाली, आम्हाला कुणी विचारलं नाही. सगळे पिवळे, पूर्ण दाबाचे. माझी अर्धी बॅच आठ-नऊ वर्षांची.

२०१२पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत साधा पिवळा चेंडू चालत नाही. लाल, नारिंगी, हिरवा. हिरवा साधारण पाव भागाने मंद, नारिंगी निम्म्याने, लाल त्याहून मंद. कारण अगदी सोपं आहे. पिवळा चेंडू या वयाच्या मुलाच्या कपाळापर्यंत उडतो. मग ते मूल रॅकेट डोक्याशी नेऊन मारायला शिकतं, मनगट वाकडं करून. ती सवय मोडायला मला पुढे दोन वर्षं लागतात. एका खरेदीच्या कागदाने दोन वर्षं.

५ ऑगस्ट
पाऊस. खोलीतच वर्ग. भिंतीवर खडूने रेघ मारली, जमिनीपासून १०० इंच. स्टुलावर उभी राहिले, रेघेवरून चेंडू सोडला. नियमाचा चेंडू ५३ ते ५८ इंच उसळायला हवा. दोन मुली डोळ्यांच्या पातळीवर पट्टी धरून बसल्या. नवा चेंडू ५६. मार्चमधला ४९. गेल्या वर्षीचा ४१, "मॅडम, हा मेला."

मेलेले चेंडू टाकायचे नाहीत म्हटलं. लहानांना हेच बरे. वेगळी टोपली केली, वर हिरवी चिकटपट्टी लावली. तात्पुरती सोय.

८ ऑगस्ट, शुक्रवार
संघटनेत मार्गदर्शकांचा प्रतिनिधी असावा, या ठरावाचा मसुदा घेऊन खजिनदार काकांकडे गेले. त्यांनी चहा दिला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. कुणी शेवटपर्यंत वाचतं हेच पहिल्यांदा घडलं.

मग म्हणाले, "मॅडम, संघात एकच जागा आहे. एक तुमचा विद्यार्थी, एक दुसऱ्याचा. दोघंही सारखेच. तुम्ही टेबलाशी बसल्या आहात. कोणाचं नाव घ्याल?"

उत्तर देता आलं नाही. घरी येताना बजाज चौकात सिग्नल सुटला तरी उभीच. मागून हॉर्न.

९ ऑगस्ट, राखी
भाऊ आला. जेवण झालं. मनात काकांचा प्रश्न. खरं सांगायचं तर माझ्याच मुलाचं नाव घेईन. त्याचा बाप कापसाच्या गाडीवर हमाली करतो हे मला माहीत आहे, दुसऱ्याचं मला काही माहीत नाही. म्हणजे काका बरोबर आहेत.

१० ऑगस्ट
पदाधिकाऱ्यांचीही मुलं, भाचे, पुतणे खेळतात. त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. पण हे सभेत काढायचं नाही. त्याने काही सुधारत नाही, नुसती तोंडं फिरतात.

मसुदा नव्याने लिहिला. मार्गदर्शकांचा प्रतिनिधी संघनिवडीत नसेल. निवडीचा विषय निघाला की उठून बाहेर जाईल. आपल्याकडे कोण शिकतं, कोणाकडून फी घेतो, ते दरवर्षी लिहून देईल. त्याचं मत वेळापत्रकावर, चेंडूंवर, कोर्टावर, पाण्यावर, मुलींच्या मुक्कामाच्या सोयीवर. आणि त्याला नेमायचा अधिकार अध्यक्षांना नाही. आम्ही आमच्यातून निवडून देऊ. हे शेवटचं वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं. नेमलेला माणूस नेमणाऱ्याचाच होतो.

काकांमुळे मसुदा चांगला झाला.

११ ऑगस्ट
विधेयक लोकसभेत मंजूर.

१२ ऑगस्ट
राज्यसभेतही. एका दिवसात. वही उघडली, मिटली.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. मुलांची प्रभातफेरी, नंतर जिलबी. भाषणात "खेळाडू घडवणारे हात" असं कुणीतरी म्हणालं. टाळ्या. मी मागे, पाण्याच्या टाकीपाशी, बेशुद्ध पडणारी कुणी नाही ना बघत.

१८ ऑगस्ट, सोमवार
राष्ट्रपतींची सही झाली. कायदा झाला.

द्रोणाचार्य पुरस्कार १९८५मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षीच्या तिघांत आपले कुस्तीचे भालचंद्र भागवत होते. टेनिसच्या वाट्याला पहिला आला २०२०मध्ये, नरेश कुमार यांना. तेव्हा ते नव्वदी पार केलेले. पस्तीस वर्षं या खेळात शिकवणारा कुणी दिसलाच नसेल? उत्तर शोधायची आता हौस नाही, पण आकडा लक्षात राहतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार
माहेरी आले, देवळी तालुक्यात. सोयाबीन बरं आहे, कपाशीत पाणी साचलं. संध्याकाळी बाबांनी बैलांचे खांदे शेकले, हळद-तूप चोळलं. कानाशी तोंड नेऊन म्हणाले, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दरवर्षी म्हणतात. आज मी जवळ उभी राहून ऐकलं.

डावीकडच्या बैलाच्या खांद्यावर जुवाचा घट्टा पडला आहे. तूप तिथे मुरत नाही, वरच चकाकतं.

२२ ऑगस्ट, पोळा
तोरणाखाली बैल. पुरणपोळी. बाबा थकले. पुढच्या वर्षी जोडी ठेवतील की नाही, आई हळूच म्हणाली.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
लाल टोपीवाला सिंदी रेल्वेचा, त्याने हट्टाने बोलावलं. तिथले लाकडी नंदी बघण्यासारखे, काही तर घोड्याएवढे, चाकांवर. तो त्याचा लहानसा नंदी ओढत आला, शिंगांना टेनिसचे दोन जुने चेंडू खोचलेले. त्याच्या आजीने विचारलं, या कोण? "माह्या मॅडम." एवढं म्हणून तो गर्दीत पळाला.

२५ ऑगस्ट, सोमवार
सचिवांचा फोन. सभा १४ सप्टेंबरला. आवाज मोकळा होता. म्हणाले, दिल्लीचा कायदा आला, आज ना उद्या आपल्यापर्यंत येणारच, कार्यकारिणीत महिला हव्यात. तुमचं नाव सुचवतो, स्वीकृत सदस्य, महिला प्रतिनिधी.

मी म्हटलं, आणि ठराव?

ते म्हणाले, तुम्ही आत आल्यावर ठरावाची काय गरज?

२६ ऑगस्ट
यवतमाळच्या मॅडम: घ्या. आधी आत जा.
चंद्रपूरचे सर: घेऊ नका. एकाला घेतात आणि विषय संपवतात.
अमरावतीचा: तू ठरव.
बाबा: "दार उघडलं त आधी आत घुस. मंग खुर्ची पाह्य."
हिंगणघाटच्या सरांना फोन लावला नाही. लावता आला नाही. त्या रकान्यात ते बसत नाहीत.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
घरी गणपती. सासूबाईंच्या हातचे तळणीचे मोदक. रात्री ह्यांना विचारलं. म्हणाले, बाई म्हणून बोलावलं यात वाईट काय? वाईट काहीच नाही. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीला कडी नाही, हे बाईच सांगणार. पण त्या दुपारी मी कोर्टात धावले ती बाई म्हणून नाही. कोरडा चेहरा ओळखता आला म्हणून.

२९ ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडा दिन
ध्यानचंदांच्या फोटोला हार. आम्हा मार्गदर्शकांना शाल. माझी जांभळी. कपाटात आता सात झाल्या. आईला दोन देईन, थंडीत लागतात.

३१ ऑगस्ट
शेवटी सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग, "मे महिन्याच्या तारखा कोण ठरवते?" कार्यकारिणी. "त मंग जा ना."

५ सप्टेंबर, शिक्षक दिन
सकाळी ऊन. कोर्ट पूर्ण कोरडं, जूननंतर पहिल्यांदा. अकरा वर्षांची ती मुलगी (आता बारा लागलं) किक सर्व्हिस शिकते आहे. चेंडू पाठीमागे जातो, शिव्या देते, पुन्हा फेकते. तिने सव्वाशे सर्व्हिस टाकल्या. मी मोजल्या. तिने नाही.

७ सप्टेंबर
ग्रहण. सासूबाईंनी लवकर जेवायला घातलं. काल विसर्जनाचे ढोल, आज गाव चिडीचूप.

१२ सप्टेंबर
ठरावाच्या वीस प्रती. पाचही जणांच्या सह्या. विषयपत्रिका आली, त्यात आमचा विषय नाही. शेवटी नेहमीचं: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय.

१४ सप्टेंबर, रविवार
सभा अकराला, सुरू पावणेबाराला. गणपूर्तीसाठी थांबले.

इतिवृत्त वाचून कायम. जमाखर्च मंजूर. मार्गदर्शकांचं मानधन ‘देणे’ या बाजूला, तीन महिन्यांचं. कुणी विचारलं नाही. नवीन सदस्य: माझं नाव सुचवलं, अनुमोदन, टाळ्या. सचिवांनी बोट दाखवलं, पुढे या. गेले. फोमची गादी असलेली लाल खुर्ची.

ऐनवेळचे विषय. मी उभी राहिले. पाय लटपटले, आवाज नाही. आधी मे महिन्यातली दुपार सांगितली, नाव-गाव न घेता. हॉल गप्प झाला. दोन-तीन जणांनी मान खाली घातली, ते बाप असावेत. मग ठराव वाचला.

अध्यक्ष म्हणाले, भावना पोचल्या. पण घटनादुरुस्ती ऐनवेळी घेता येत नाही. विशेष सभा लागते, एकवीस दिवसांची नोटीस लागते, सूचक-अनुमोदक मताधिकार असलेले लागतात. मंजूर झालं तरी पुढे धर्मादाय कार्यालयात जावं लागतं. बरोबर होतं. कलम मीही वाचलं होतं.

मी म्हटलं, सूचक मी. दहा मिनिटांपूर्वी मला मताधिकार मिळाला आहे.

थोडं हसू. मग शांत. अनुमोदक?

मी कुणाकडेही बघितलं नाही. समोरच्या स्टीलच्या ग्लासाकडे बघत होते. त्यावर देणगीदाराचं नाव कोरलेलं, ते वाचत होते. किती वेळ गेला कळलं नाही.

"अनुमोदन." खजिनदार काका. खुर्चीतून न उठता. "निवड समितीचं वगळलं आहे त्यांनी. माझी हरकत तेवढीच होती."

विशेष सभा १९ ऑक्टोबरला, दिवाळी बघून मागेपुढे. उन्हाळ्याच्या वेळांचा मुद्दा तेवढा आजच घेतला: एप्रिल ते जून, चौदा वर्षांखाली, दहा ते पाच सामना नाही. आपल्या हातातल्या स्पर्धांपुरता. वर शिफारस पाठवायची. एकमताने. हात वर केला तेव्हा कळलं, मीही मोजली जाते आहे.

सचिव इतिवृत्तात लिहीत होते. ‘महिला प्रतिनिधी’. मी म्हटलं, पुढे टेनिस मार्गदर्शक असंही लिहा. त्यांनी क्षणभर पेन थांबवलं. लिहिलं. कंसात.

चहाला उठले तेव्हा दाराशी सर दिसले. हिंगणघाटहून आले होते, पाहुणे म्हणून. हॉलमध्ये मागे पंधरा-वीस खुर्च्या रिकाम्या. दोन तास ते दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभे होते, पट्टा बांधलेल्या पाठीने.

१५ सप्टेंबर
सव्वापाच. दव. नऊ मुलं.

१६ सप्टेंबर
नोटीस माझ्या हाताने लिहिली, टंकलेखनाला दिली. विषय एक: घटनेत नोंदणीकृत मार्गदर्शकांना मतासह सभासदत्व व त्यांनी निवडलेला एक प्रतिनिधी. सूचक, अनुमोदक. निमंत्रितांच्या यादीत सर पहिले. नावापुढे ‘आसन क्रमांक १’ लिहिलं. सचिवांनी विचारलं, आसन क्रमांक कधीपासून? म्हटलं, या सभेपासून.

१८ सप्टेंबर
त्रेचाळीस पाकिटं. पोस्टाच्या पावत्या डब्यात ठेवल्या, चेंडूंच्या जुन्या डब्यात. झाकण घट्ट बसतं.

संध्याकाळी पाऊस परत. वायपरचं रबर फाटलं आहे, उद्या नवं आणायचं.